रेमंड चेन यांचा बचाव आणि पेनड्राइव्हवरचा तो एक तास

रेमंड चेन हे मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोजवर काम करणारे जुनेजाणते प्रोग्रॅमर. 'द ओल्ड न्यू थिंग' या नावाखाली ते वर्षानुवर्षं लिहितायत. विंडोजमधली एखादी विचित्र गोष्ट तशी का आहे, हे शांतपणे समजावून सांगणं हा त्यांचा हातखंडा. ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांनी उन्हाळी वेळेवर एक छोटा लेख लिहिला. लोकांची तक्रार अशी होती की मार्चएप्रिलमध्ये घड्याळ तासभर पुढे गेलं, किंवा ऑक्टोबरनोव्हेंबरमध्ये मागे आलं, की विंडोज जुन्या फाइलींच्या वेळाही एका तासानं सरकवून दाखवतं. फाइलीला कुणी हात लावलेला नाही, तरी वेळ वेगळी! चेन यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा बग नाही, हे विचार करून ठेवलेलं वागणं आहे.

माझ्या पीएचडीचं काम म्हणजे वेगवेगळ्या मशीनवरच्या फाइलींच्या वेळा एका रेषेवर मांडून 'आधी काय झालं, नंतर काय झालं' हे ठरवणं. त्यामुळे हा लेख मला पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. तो उत्तम लिहिलाय, प्रामाणिक आहे, आणि माझ्या मते त्याचा मुख्य युक्तिवाद टिकत नाही. पण तो जिथं तुटतो ती जागा लोक सहसा दाखवतात ती नव्हे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी पार्श्वभूमी, कारण भारतात राहणाऱ्यांचा या भानगडीशी संबंध फार तर क्लायंटच्या कॉलपुरता. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचा कॉल अचानक तासभर इकडेतिकडे होतो, पुण्याच्या ऑफिसात दोन दिवस गोंधळ उडतो आणि विषय संपतो. (आपल्याकडे घड्याळ कधी हललंच नाही असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळही तासभर पुढे ठेवलं होतं. पण तेव्हा फायली कागदाच्या होत्या, त्यामुळे आमच्या धंद्याला त्रास नाही.) ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. हिवाळ्यात तिथली वेळ म्हणजेच यूटीसी, उन्हाळ्यात यूटीसी अधिक एक तास. आजची उदाहरणं मी ब्रिटनचीच घेतेय, कारण आकडेमोड सोपी पडते.

आता फाइलीची वेळ लिहून कशी ठेवतात? इथं दोन घराणी आहेत. पहिलं घराणं यूटीसीवाल्यांचं. युनिक्स आणि लिनक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टीम १ जानेवारी १६०१ पासून शंभर नॅनोसेकंदाचे तुकडे मोजते. आरंभ वेगळा, माप वेगळं, पण दोन्हींचा अर्थ जगात कुठंही एकच. दुसरं घराणं म्हणजे फॅट. डॉसच्या काळातली ही पद्धत आजही पेनड्राइव्हवर आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर सर्रास भेटते. फॅटमध्ये तारखेला सोळा बिट आणि वेळेला सोळा बिट. वर्ष १९८० पासून मोजायचं. सेकंदांना फक्त पाच बिट उरतात, म्हणून वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांनी लिहायची. आणि ही वेळ कुठली? तर लिहिताना समोरच्या घड्याळात जी दिसत होती ती. ते घड्याळ लंडनचं की लातूरचं, उन्हाळी की हिवाळी, याची कुठंही नोंद नाही.

एनटीएफएसवर यूटीसी असतानाही विंडोज वेळ का सरकवतं? कारण यूटीसीची स्थानिक वेळ करायला विंडोजमध्ये 'फाइलटाइम टू लोकल फाइलटाइम' नावाचं एक फंक्शन आहे, आणि ते 'आत्ता' यूटीसीशी जो फरक लागू आहे तोच सगळ्या फाइलींना लावतं. फाइल जूनमधली असो वा जानेवारीतली. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, लपवालपवी काही नाही.

चेन यांचा बचाव दोन पायांवर उभा आहे. पहिला पाय: विंडोज अंदाज बांधत नाही. त्या जुन्या तारखेला कुठला नियम लागू होता हे शोधत बसण्यापेक्षा ते सांगतं की 'आजच्या वेळपद्धतीत मोजलं तर तो क्षण इतके वाजून इतक्या मिनिटांचा'. त्यांनी ऑक्टोबरमधल्या एका तारखेचं उदाहरण दिलंय. एका पद्धतीनं पावणेनऊ, पॅसिफिक प्रमाण वेळ. दुसऱ्या पद्धतीनं पावणेदहा, पॅसिफिक उन्हाळी वेळ. क्षण एकच, त्याला दोन नावं. मग चूक कसली? दुसरा पाय: विंडोजची पद्धत उलट फिरवता येते. यूटीसीवरून स्थानिक आणि स्थानिकवरून परत यूटीसी असं केलं की जिथून निघालो तिथंच पोचतो. 'त्या दिवशीचा नियम लावा' ही पद्धत माणसाला पटते, पण घड्याळ मागे येतं त्या रात्री एकच स्थानिक वेळ दोनदा येते, म्हणजे परतीचे रस्ते दोन होतात.

पहिल्या पायाबद्दल. 'पावणेनऊ, पॅसिफिक प्रमाण वेळ' हे विधान शंभर टक्के खरं आहे. पण विंडोजनं ते विधान कधी केलंच नाही! स्क्रीनवर दिसायचं ते फक्त 'पावणेनऊ'. 'पॅसिफिक प्रमाण वेळ' ही शेपटी चेन यांच्या लेखात आहे, डायरेक्टरीच्या यादीत नाही. एखाद्या दुकानदारानं पाटीवर फक्त '५००' लिहावं आणि हुज्जत घातली की म्हणावं, 'अहो, मी रुपये कुठं म्हटलं?' तसंच हे. ऑक्टोबर महिन्यातली तारीख आणि पुढे बिनशेपटीची वेळ वाचणारा माणूस त्याचा अर्थ एकच घेणार, त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळात जे वाजले होते ते. बचाव खरा ठरायला जे लेबल हवं, ते वाचणाऱ्याला दिसतच नसेल तर बचावाचा उपयोग काय?

दुसरा पाय मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक टीकाकार तो मान्य करून पुढे जातात. उलट फिरवता येतं, हे खरं. पण केव्हा? दोन्ही फेऱ्या एकाच ऋतूत झाल्या तर. ऑक्टोबरमध्ये यूटीसीची स्थानिक वेळ केली आणि नोव्हेंबरमध्ये ती परत यूटीसी केली, की एक तास गळाला. त्या फंक्शनला एक छुपं इनपुट आहे, ते म्हणजे आजची तारीख. गणितात आपण ज्याला उलटं फलन म्हणतो ते आज चालेल आणि पुढच्या महिन्यात चालणार नाही असं नसतं. आणि फॅट म्हणजे नेमका हाच प्रसंग. लिहिताना एका ऋतूत स्थानिक केलं, वाचताना दुसऱ्या ऋतूत यूटीसी केलं. म्हणजे ज्या गुणाच्या नावाखाली ही पद्धत ठेवली, तो गुण जिथं खरोखर कामाला यायला हवा तिथंच गायब.

हे कागदावर करून बघू.

समजा मँचेस्टरमधल्या एका विद्यार्थिनीला २० ऑक्टोबर २०२४ च्या रात्री बारापर्यंत प्रबंधिका पूर्ण करायची आहे. तिनं ती लॅपटॉपवर, म्हणजे एनटीएफएसवर, रात्री २३:४० ला सेव्ह केली आणि फाइल लगेच फॅटच्या पेनड्राइव्हवर उतरवली. त्या दिवशी उन्हाळी वेळ चालू होती, म्हणजे यूटीसी २२:४०. लॅपटॉपच्या डिस्कवर यूटीसी २२:४० लिहिलं गेलं, पेनड्राइव्हवर नुसतं २३:४०. सात दिवसांनी, २७ तारखेला, घड्याळ मागे आलं. नोव्हेंबरमध्ये तक्रार झाली की काम मुदतीनंतर केलंय, आणि कुणीतरी तपासायला बसलं.

लॅपटॉपवरची मूळ फाइल चेन यांच्या पद्धतीनं दाखवली तर आजचा फरक शून्य, म्हणून २२:४०. पेनड्राइव्हवरची प्रत त्याच विंडोजवर त्याच पद्धतीनं वाचली तर २३:४० चं आजच्या फरकानं यूटीसी २३:४० होतं आणि परत आजच्याच फरकानं २३:४० दिसतं. दोन चुका एकमेकींना खातात. आता पेनड्राइव्ह लिनक्सला लावा. लिनक्सचा फॅट ड्रायव्हर त्या २३:४० ला ठरलेला एकच फरक लावून यूटीसी करतो. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये तो फरक शून्य, म्हणून यूटीसी २३:४०. पण एलएस कमांड दाखवताना त्या तारखेचा नियम बघते. २० ऑक्टोबर म्हणजे उन्हाळी वेळ, घाला एक तास. उत्तर येतं २१ ऑक्टोबर, ००:४०.

एकाच कृतीच्या तीन वेळा झाल्या: २२:४०, २३:४० आणि दुसऱ्या दिवसाची ००:४०. शेवटची मुदत उलटून गेलेली. कुणी फाइलीला हात लावलेला नाही, कुठलाही प्रोग्रॅम त्याच्या कागदपत्रांविरुद्ध वागलेला नाही, आणि तरी एका मुलीच्या प्रामाणिकपणावर प्रश्नचिन्ह. वर अहवालात 'मूळ फाइल आणि प्रत यांच्या वेळांत तफावत आढळली' असं वाक्य आलं की झालंच. आणि ती तफावत खरी आहे: मोजायला गेलं तर प्रत मूळ फाइलीपेक्षा बरोबर एक तास 'नवी' निघते.

लिनक्सवाल्यांना इथं हसू येत असेल तर थांबा. फॅट माउंट करताना देण्याच्या पर्यायांत मिनिटांचा फरक हातानं द्यायची सोय आहे, आणि तिच्या माहितीतच म्हटलंय की उन्हाळी वेळ असेल तिथं याही पर्यायानं सगळ्या वेळा बरोबर येणार नाहीत; दुसऱ्या ऋतूतल्या वेळा तासाभरानं चुकतील. सिस्टिमडी वापरणाऱ्या लिनक्सवर तर, हार्डवेअरचं घड्याळ यूटीसीवर असेल, तर कर्नलला टाइमझोन सांगितलाच जात नाही. कर्नलच्या आत स्थानिक वेळ नावाची गोष्ट भरवशाची होऊच शकत नाही, असं त्यामागचं म्हणणं. म्हणणं मला पटतं. पण परिणाम काय? फॅटवरची वेळ सरळ यूटीसी समजली जाते. नाशिकमध्ये विंडोजवर सकाळी दहाला सेव्ह केलेली फाइल अशा लिनक्सवर दुपारी साडेतीनची दिसू शकते. उन्हाळी वेळ नसलेल्या देशात राहून एका तासाऐवजी साडेपाच तासांची चूक मिळवायची म्हणजे कमालच.

आणि विंडोजच्या आतही एकवाक्यता नव्हती. फॅटवरच्या फाइलीची वेळ विचारायला दोन फंक्शनं. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांनुसार एक फंक्शन आधी काढून ठेवलेली यूटीसी वेळ देतं, त्यामुळे घड्याळ बदलल्यावर मशीन रीस्टार्ट करेपर्यंत ते एका तासानं चुकतं. दुसरं दर वेळी आजच्या फरकानं नवं गणित करतं. एकच फाइल, एकच मशीन, एकच क्षण, आणि 'कुणाला विचारलं' यावर उत्तर अवलंबून! चेन यांच्या लेखातल्या नीटनेटक्या चित्रात हे बसत नाही. ज्यांनी विनसीव्हीएस वापरलंय त्यांना त्या काळातला लाल फाइलींचा प्रकार आठवत असेल. घड्याळ बदललं की सोमवारी सगळ्या फाइलींचे आयकॉन लाल, म्हणजे 'बदललेल्या'. एका अक्षराचाही फरक नसताना.

आता चेन यांची बाजू. 'जुन्या तारखेला कुठला नियम होता हा अंदाज आहे' या त्यांच्या वाक्याला लोक हसतात. भूतकाळ म्हणजे नोंदलेला इतिहास, त्यात अंदाज कसला? पण २००३ मधलं विंडोज बघा. त्यात एका टाइमझोनला उन्हाळी वेळेचा एकच नियम ठेवायची जागा होती. अमेरिकेनं २००५ मध्ये ऊर्जा धोरणाचा कायदा केला आणि २००७ पासून उन्हाळी वेळ एप्रिलच्या पहिल्या रविवारऐवजी मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊ लागली. एकच नियम ठेवणाऱ्या मशीनवर हा नवा नियम टाकला, की २० मार्च २००५ ची फाइलसुद्धा उन्हाळी वेळेतली ठरणार. ती नव्हती. म्हणजे 'त्या दिवशीचा नियम लावा' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमनं त्या यंत्रणेवर आत्मविश्वासानं चुकीचं उत्तर दिलं असतं. वर्षागणिक वेगळे नियम ठेवायची सोय विंडोजमध्ये व्हिस्टापासून आली. तोवर चेन यांचा सावधपणा रास्त होता असं मी म्हणेन.

युनिक्सच्या जगात हे काम टाइमझोनचा सामायिक डेटाबेस करतो. आर्थर डेव्हिड ऑल्सन यांनी सुरू केलेला आणि आता पॉल एगर्ट सांभाळतात तो. त्यात जगभरातल्या घड्याळबदलांचा इतिहास आहे आणि आपलं निम्मं संशोधन त्याच्या जिवावर चालतं. पण त्यालाही इतिहास नेहमीच ठाऊक असतो असं नाही. मार्च २०२३ मधलं लेबनॉन बघा.

तिथं २५-२६ मार्चच्या रात्री घड्याळ पुढे जायचं होतं. रमजान चालू होता. काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांच्या सरकारनं २३ मार्चला, म्हणजे दोन-तीन दिवस आधी, जाहीर केलं की हा बदल एप्रिलच्या विसाव्या तारखेपर्यंत पुढे ढकलतोय. मॅरोनाइट चर्चनं सांगितलं, आम्ही मानणार नाही. काही टीव्ही वाहिन्यांनीही मानलं नाही. रविवारपासून एकाच बैरूतमध्ये दोन वेळा चालू झाल्या. कुठली पाळायची हे तुम्ही कोण आहात आणि कुठं काम करता यावर. सोमवारी, २७ तारखेला, सरकारनं माघार घेतली आणि २९-३० मार्चच्या रात्री अधिकृत घड्याळ पुढे गेलं. डेटाबेसवाल्यांचं काय झालं? त्यांनी २३ तारखेला '२०२३बी' ही आवृत्ती काढून सरकारचा निर्णय नोंदवला, आणि २८ तारखेला '२०२३सी' काढून तो बदल सरळ मागे घेतला. आज हा डेटाबेस सांगतो की लेबनॉनमध्ये घड्याळ नेहमीसारखं २६ तारखेलाच पुढे गेलं. वाईट पर्यायांतला त्यातल्या त्यात बरा पर्याय म्हणून हा निवडला, हे त्यांनी आवृत्तीच्या टिपणात उघड लिहिलंय.

आता २७ मार्च २०२३ रोजी सरकारी वेळ पाळणाऱ्या एखाद्या बैरूतच्या कचेरीत सकाळी दहाला फॅटच्या पेनड्राइव्हवर सेव्ह झालेली फाइल घ्या. प्रत्यक्ष क्षण यूटीसी ०८:००. आजचा डेटाबेस वापरून काढाल तर ०७:००. शेजारच्या इमारतीत, चर्चची वेळ पाळणाऱ्या ऑफिसात, त्याच दिवशी दहाला सेव्ह झालेली फाइल मात्र खरोखरच ०७:०० ची. दोन्हींवर लिहिलंय 'दहा'. कुठली आधी? पेनड्राइव्हवर त्याचं उत्तर नाही, आणि जगातला कुठलाही नियम ते आणून देऊ शकत नाही.

म्हणून मला वाटतं की चेन आणि त्यांचे टीकाकार दोघंही चुकीच्या जागी भांडतायत. वाद चाललाय तो 'दाखवायचं कसं' यावर. दाखवण्यातली चूक दुरुस्त होते: यूटीसी शाबूत असेल तर आज चुकीचं दाखवा, उद्या बरोबर दाखवा, काही बिघडत नाही. लिहितानाच यूटीसीपासूनचा फरक टाकून दिला असेल तर ती चूक नव्हे, ती हानी. ती भरून येत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ ला ब्रिटनमध्ये ०१:१० दोनदा वाजले. फॅटवर एक फाइल ०१:४० ची, एक ०१:१० ची. ०१:१० वाली अर्धा तास आधीची, की अर्धा तास नंतरची? काही सांगता येत नाही. यूटीसी ठेवणाऱ्या सिस्टीमवर या दोन फाइलींचा क्रम पक्का असतो. फक्त साध्या यादीत तो विचित्र दिसतो, कारण एलएस कमांडही मुळात बिनशेपटीचीच वेळ दाखवते. पूर्ण वेळ मागितली तरच पुढे अधिक एक तास की शून्य हे कळतं. म्हणजे विंडोजला लावलेला माझा पहिला आक्षेप थोड्या प्रमाणात इथंही लागू आहे. पायथॉननं ३.६ पासून दुसऱ्यांदा येणारी वेळ ओळखायला 'फोल्ड' नावाची एक वेगळी खूण आणली. अगदी एका बिटाचं काम. फॅटमध्ये तो एक बिट असता तर निदान हा प्रश्न सुटला असता.

आणि हे तेव्हा कुणाला सुचलंच नसेल असंही नाही. सीडीसाठीचं आयएसओ ९६६० हे १९८८ चं मानक. त्यात प्रत्येक फाइलीच्या वेळेसोबत यूटीसीपासूनचा फरक पंधरा मिनिटांच्या पटीत, एका बाइटमध्ये लिहायची जागा आहे. एक बाइट! पंधरा मिनिटांचं माप घेतल्यामुळे आपला साडेपाच तास आणि नेपाळचा पावणेसहा तास दोन्ही नीट बसतात. मायक्रोसॉफ्टनंही पुढे एक्सफॅट आणताना हीच पंधरा मिनिटांची युक्ती घेतली. कॅमेऱ्याच्या फोटोंसाठी असलेल्या एक्झिफ मानकात तर हा फरक लिहायचे रकाने २०१६ मध्ये २.३१ आवृत्तीत आले. लग्नाच्या फोटोंचा क्रम लावताना दोन कॅमेऱ्यांमुळे घरोघरी जो घोळ होतो, त्याचं मूळ हेच.

आता कॉपी करणाऱ्या टूल्सची गोष्ट, कारण माझा खरा राग तिथं आहे. विंडोजच्या रोबोकॉपीत डीएसटी नावाचा पर्याय आहे: दोन फाइलींच्या वेळांत एका तासाचा फरक असेल तर तो माफ करा. दोन सेकंदांचा फरक माफ करणारा पर्याय वेगळा. आरसिंकमध्येही फरक किती चालेल ते सांगता येतं. फॅटसाठी एक सेकंद पुरतो असं त्याची माहितीपुस्तिका म्हणते. लोक बिनदिक्कत ३६०१ घालतात. यातला सेकंदांचा भाग मला मान्य आहे, कारण तो मापाच्या जाडीबद्दल आहे. तासाचा भाग मान्य नाही. बरोबर एक तास आणि 'एक तासापर्यंत काहीही' यांत फार अंतर आहे. ३६०१ घालणारा माणूस चाळीस मिनिटांपूर्वी केलेली खरी दुरुस्तीही 'फरक नाही' म्हणून सोडून देऊ शकतो, फाइलीचा आकार तेवढाच राहिला तर. शिवाय बदल एक तासाचाच असतो हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर घड्याळ अर्धाच तास हलतं. अंटार्क्टिकावरच्या ट्रोल या नॉर्वेजियन तळावर ते दोन तास हलतं. तिथं एक तास माफ करून कुणाचंच भलं होत नाही.

फाइल तीच आहे का, एवढाच प्रश्न असेल तर वेळ बघूच नका. हॅश काढा. वेळेचा प्रश्न 'केव्हा' हा असेल तेव्हाच वेळेकडे जायचं, आणि तेव्हा एक फाइल घेऊन बसायचं नाही, सगळ्या घ्यायच्या. मूळ डिस्क आणि पेनड्राइव्ह यांवरच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीतला फरक तारखेसमोर मांडा. उन्हाळ्यातल्या सगळ्या जोड्यांत बरोबर ३६०० सेकंद (दोनएक सेकंद इकडेतिकडे) आणि हिवाळ्यातल्या सगळ्यांत शून्य आलं, तर हे घड्याळाचं काम. उन्हाळ्यातल्या चाळीस फाइलींपैकी एकाच फाइलीत फरक आला, तर मात्र त्या फाइलीचा मालक गाठून प्रश्न विचारायला हवेत. मँचेस्टरच्या त्या काल्पनिक विद्यार्थिनीच्या पेनड्राइव्हवर सप्टेंबरमधल्या आणखी पाच फाइली असत्या, तर दहा मिनिटांत तिची सुटका झाली असती. एकुलती एक फाइल असेल तर अवघड. मग लॅपटॉपवरची एनटीएफएसची यूटीसी वेळ हाच आधार, आणि अहवालात तिन्ही आकडे, प्रत्येकाची शेपटी जोडून, आणि ते कसे आले यासकट लिहायचे. दोनदा आलेल्या तासातल्या फॅटच्या फाइलींसाठी डायरेक्टरीतला नोंदींचा क्रम कधीकधी मदत करतो. पण खोडलेल्या नोंदीची जागा नव्या फाइलीला मिळू शकते, त्यामुळे तो इशारा समजावा, पुरावा नाही.

आधुनिक विंडोजचा एक्सप्लोरर आता त्या तारखेचा नियम लावून वेळ दाखवतो, म्हणजे चेन ज्याला 'पटणारी पण उलट न फिरणारी' पद्धत म्हणत होते तीच. एनटीएफएसपुरता प्रश्न त्यानं सुटला. पण चेन यांनी बचाव केलेलं ते फंक्शन अजून जागेवर आहे, जुने प्रोग्रॅम ते वापरतात, आणि एकाच मशीनवर दोन खिडक्यांत दोन वेळा दिसायची शक्यता शिल्लक आहे.

झिप फाइल हे फॅटचं भावंड. तिच्या मूळ रचनेत डॉसचीच तारीख-वेळ आहे, तेच दोन सेकंद, तीच बिनशेपटीची स्थानिक वेळ. यूटीसी लिहायला जादा रकाना नंतर आला, पण तो ऐच्छिक; झिप करणाऱ्या प्रोग्रॅमनं भरला तर भरला. त्या मुलीनं पेनड्राइव्हऐवजी असा रकाना नसलेली झिप मेलनं पुण्याच्या मैत्रिणीला पाठवली असती आणि तिनं ती तिथं उघडली असती, तर २३:४० ही भारतीय वेळ समजली गेली असती. यूटीसीत १८:१०. म्हणजे फाइल प्रत्यक्ष सेव्ह होण्याच्या साडेचार तास आधीच तयार.